उसने आरमार

आमचे हे नगर समुद्रापासून दूर. छत्रपती संभाजीनगराहून पश्चिमेस निघालेल्या प्रवाशास आधी गोदेचे खोरे आणि मग सह्याद्रीचा कडा ओलांडावा लागतो, तेव्हा कोठे कोकणपट्टी दृष्टीस पडते. तथापि आरमाराच्या इतिहासातील एक मोठा धडा समजून घ्यावयाचा, तर आरंभ येथूनच केला पाहिजे, असे आम्हांस वाटते. इ. स. १६१० मध्ये हे गाव खडकी या नावाने वसविणारा मलिक अंबर हा गुलामीतून वर आलेला हबशी होता. आणि पुढे ज्याच्या नावाने हे गाव औरंगाबाद म्हणून ओळखले गेले, तो औरंगजेब येथून पंधरा मैलांवर खुलताबादेस मातीआड झाला आहे. अंबराचे जातभाई जे जंजिऱ्याचे सिद्दी, त्यांनाच या बादशहाने आपला दर्या राखावयास सांगितला. त्या सौद्याची ही कथा आहे.

मोगलांचे घराणे घोड्याच्या पाठीवर वाढलेले. बंगालच्या नद्यांवर त्यांचा नौकासमूह होता, व १६६६ मध्ये चितगाव त्याच बळावर त्यांनी घेतले; परंतु पश्चिम समुद्रावर लढाऊ आरमार म्हणावे असे त्यांजपाशी काही नव्हते. अकबराच्या जहाजांनाही पोर्तुगीजांचे परवाने जवळ बाळगावे लागत! इकडे दर्यावाचून भागत तर नव्हते. सुरतेच्या जकातीचे उत्पन्न मोठे होते, आणि दरवर्षी मक्केच्या यात्रेकरूंना घेऊन जहाजे जात. त्यांची सुरक्षितता हा बादशहाच्या धर्माचा व अब्रूचा प्रश्न होता. शिवछत्रपतींनी कल्याण-भिवंडीच्या खाडीत गलबते बांधावयास घेतली, १६६४ मध्ये सिंधुदुर्गाचा पाया घातला, आणि सुरत त्या वर्षी व पुन्हा १६७० मध्ये लुटली, तेव्हा ही उणीव दिल्लीस डाचू लागली.

उपाय आयता चालून आला. मराठ्यांच्या वेढ्याने जेरीस आलेला जंजिऱ्याचा फत्तेखान किल्ला सोडून देण्याच्या विचारात होता. त्याच्याच सहकाऱ्यांनी त्याला कैद केले, विजापूरची चाकरी टाकली आणि मोगलांचा आश्रय घेतला. औरंगजेबाने त्यांच्या प्रमुखास याकूतखान हा किताब दिला व सुरतेच्या उत्पन्नातून वार्षिक नेमणूक बांधून दिली. जहाजे बांधण्याची यातायात नाही, खलाशी शिकविण्याची दगदग नाही. पैसा मोजला की आरमार तयार! हिशेबाच्या वहीत याहून स्वस्त सौदा दिसणार नाही.

पण समुद्रावरील राखणदाराचे काम ठरविल्या जागी थांबत नाही. यात्रेकरूंची जहाजे सांभाळावयाची, मग मराठ्यांची गलबते अडवावयाची, मग कोकणच्या किनाऱ्यावर उतरून गावे जाळावयाची, असे ते वाढत गेले. त्याचा भार पडला तो किनाऱ्यावरील गरीब रयतेवर. महाराजांनी पद्मदुर्ग उभारला तो याच सिद्दीला कोंडण्यासाठी, आणि संभाजी महाराजांनी १६८२ च्या सुमारास जंजिऱ्याकडे समुद्रात भराव घालण्याचा यत्न केला तोही याचसाठी. पुढे इंग्रजांनी बादशहाशी कलह आरंभिला, तेव्हा त्यांना वठणीवर आणण्याचे कामही सिद्दीकडेच आले. १६८९ मध्ये तो मुंबईत उतरला आणि वर्षाहून अधिक काळ इंग्रजांना त्याने किल्ल्यात कोंडून ठेविले. दंड भरून व क्षमा मागून कंपनीने आपली सुटका करून घेतली. उसने आरमार येथवर उपयोगी पडले, हे मान्य केले पाहिजे.

मर्यादा उघडी पडली ती १६९५ मध्ये. मक्केहून परतणारे बादशहाचे ‘गंज-इ-सवाई’ हे अवाढव्य जहाज एव्हरी नामक इंग्रज चाच्याने लुटले. खाफीखान त्यावर ऐंशी तोफा असल्याचे सांगतो. लुटीबरोबर यात्रेकरू स्त्रीपुरुषांची जी विटंबना झाली, तिने सुरत हादरली. बादशहाने काय करावे? त्याने इंग्रज व्यापाऱ्यांना अटकेत टाकले, आणि अखेर युरोपियनांनाच यात्रेच्या जहाजांचे रक्षण करावयास भाग पाडले. एक उसना पहारेकरी अपुरा पडला म्हणून दुसरा आणला. स्वतःचे आरमार बांधावे, हे तेवढे घडले नाही.

औरंगजेबामागे दिल्ली खिळखिळी झाली, तशी सिद्दीची नेमणूक थकू लागली. पगार सुरतेचा, पण निष्ठा जंजिऱ्याची. तेव्हा पहारेकऱ्याने धन्याच्याच तिजोरीस हात घातला. सुरतेच्या किल्ल्यावर सिद्दीचे ठाणे बसले. त्यास काढून १७५९ मध्ये इंग्रजांनी तो किल्ला घेतला, आणि बादशहाच्या आरमाराचा अधिकार त्याच्याच सनदेने आपल्या पदरी पाडून घेतला. ज्यांच्या चाचेगिरीपासून रक्षण हवे होते, तेच आता रक्षणकर्ते झाले! मोगलांना हसण्याचा अधिकार मात्र आम्हां मराठ्यांना नाही. तीनच वर्षे आधी, १७५६ मध्ये, तुळाजी आंग्र्याचा काटा काढण्यासाठी पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली आणि घेरियाच्या बंदरात मराठ्यांचेच आरमार जळून खाक झाले.

आज हा इतिहास आठवण्यास कारण आहे. स्वतंत्र भारतातही चोरट्या सोन्यामागे धावण्यात नौदलाच्या युद्धनौका झिजू लागल्या, तेव्हा १९७७ मध्ये तटरक्षक दलाचा आरंभ झाला व पुढच्याच वर्षी त्याचा कायदा झाला. आरंभीचे धन काय, तर नौदलाकडून आलेल्या दोन जुन्या फ्रिगेट व काही गस्ती नौका. काम होते चोरटा व्यापार रोखण्याचे, मच्छीमारांना साह्य करण्याचे, बुडत्यास वाचविण्याचे. पण २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा मारेकरी समुद्रमार्गेच मुंबईत उतरले, आणि पुढच्या वर्षी सागरी सुरक्षेची एकंदर जबाबदारी नौदलाकडे व प्रादेशिक समुद्रातील किनारासुरक्षा तटरक्षक दलाकडे सोपविण्यात आली. येथेही राखणदाराचे काम वाढलेच.

हे दल सिद्दीसारखे उसने नाही. ते आपले आहे, कायद्याने बांधलेले आहे, हा भेद फार मोठा होय. परंतु आपल्या माणसावरही काम लादून साधने न देणे, हा तोच जुना स्वस्त सौदा नव्या वहीत लिहिण्यासारखे आहे. युद्धनौका कमी पडतात म्हणून गस्तीच्या नौकेस युद्धनौकेची जागा देता येते, तिचे बळ देता येत नाही. आणि ती दूर गुंतली की बुडत्या कोळ्याच्या हाकेस कोण धावणार? खुलताबादेच्या त्या साध्या कबरीपाशी उभे राहिले असता आम्हांस वाटते, की येथे निजलेल्या पुरुषाने दक्खनच्या किल्ल्यांसाठी पंचवीस वर्षे वेचली. त्यांतील थोडी जरी त्याने दर्यासाठी वेचली असती, तर त्याच्या यात्रेकरूंना परक्याच्या पहाऱ्यात घरी यावे लागले नसते.