शातो दिकेम

फ्रान्सच्या नैर्ऋत्येस, बोर्दो शहराच्या आग्नेयेला सोतेर्न येथे असलेला द्राक्षमळा व वाइननिर्मितिगृह. येथील गोड पांढरी वाइन जगप्रसिद्ध आहे.

टेकडीवरच्या या जमिनीचा ताबा १५९३ मध्ये सोव्हाज घराण्याकडे आला आणि १७११ मध्ये पूर्ण मालकीही मिळाली. या घराण्यातील फ्रांस्वाझ-झोझेफीन यांचा विवाह १७८५ मध्ये लुई-आमेदे द ल्युर-साल्युस यांच्याशी झाला. तीन वर्षांतच त्यांना वैधव्य आले. पुढे क्रांतीच्या धामधुमीत त्यांनी तुरुंगवासही सोसला, पण मळा हातचा जाऊ दिला नाही. १८२६ मध्ये त्यांनी येथे वाइन साठवण्याचे प्रशस्त कोठार बांधले. मळ्याच्या लौकिकाचे सर्वाधिक श्रेय त्यांनाच द्यावे लागते. १८५५ च्या प्रतवारीत सोतेर्नच्या वाइनींमध्ये सर्वोच्च दर्जा एकट्या दिकेमला मिळाला. १९९९ मध्ये मालकी एलव्हीएमएच या उद्योगसमूहाकडे गेली.

मळ्यात मुख्यतः सेमियाँ आणि त्याखालोखाल सोव्हिन्याँ ब्लाँ या जातींची लागवड आहे. वाइनचे सारे वैशिष्ट्य मात्र एका बुरशीत आहे. शरद ऋतूत सिराँ नदीचे थंड पाणी गारोन नदीच्या उबदार पाण्याला मिळते, त्यामुळे सकाळी धुके दाटते आणि पिकलेल्या द्राक्षांवर बोट्रायटिस सिनेरिया ही बुरशी वाढते. ती सालीला सूक्ष्म छिद्रे पाडते. दुपारच्या उन्हात मण्यांतील पाणी उडून जाते. मणी तपकिरी-जांभळे होऊन सुरकुततात आणि त्यांतील साखर व आम्ल दाट होते. पावसाची झड लागली, तर हीच बुरशी घड सडवते.

सगळे मणी एकदम या अवस्थेला येत नाहीत. म्हणून तोडणी करणारे काही आठवडे त्याच ओळींतून पुन्हापुन्हा फिरतात आणि दरवेळी तयार झालेले तेवढेच मणी काढतात. एका वेलीमागे जेमतेम पेलाभर वाइन मिळते. रस नव्या ओक पिंपांत आंबवून वाइन पिंपांतच दीर्घकाळ मुरवतात. १९५९ पासून येथे ‘इग्रेक’ ही वेगळी पांढरी वाइनही तयार होते.

हंगाम मनासारखा नसेल, तर दिकेमच्या नावाने त्या वर्षाची गोड वाइन बाजारात आणायचीच नाही, हा येथील कठोर दंडक आहे. वर्षभराच्या उत्पन्नावर पाणी सोडणे कोणत्याही मळ्याला सोपे नाही. तरीही १९७२, १९७४, १९९२ आणि २०१२ या वर्षांची दिकेम बाजारात आली नाही.