जॅग्वारचे ब्रेक: धावण्याहून थांबणे अवघड

मोटार शर्यतींचा इतिहास बहुधा इंजिनांच्या नावाने सांगितला जातो. हा थ्रेड ब्रेकविषयी आहे.

१९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात जॅग्वारने एक्सके १२० ही स्पोर्ट्स कार मांडली. नावातील १२० हा तिचा ताशी मैलांतील वेग, म्हणजे सुमारे १९३ किलोमीटर. ब्रेक मात्र चारही चाकांना ड्रमचेच.

ड्रममध्ये ब्रेक शू आतून बाहेरच्या दिशेने दाबले जातात. घर्षणाने ड्रम तापतो, प्रसरण पावतो आणि शूपासून दूर सरकतो. तापलेल्या लायनरची पकडही सुटू लागते. चालक पेडल अधिकाधिक खोल दाबतो आणि गाडी मात्र थांबत नाही. त्यात एक्सके १२० ची पोलादी चाके आणि मागच्या चाकांवरील झाकणे यांमुळे ड्रमला वारा लागणे कठीण. देखण्या रूपाची ही किंमत होती.

डिस्क ब्रेकची कल्पना नवी नव्हती. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्येच तिचे पेटंट घेतले होते. डनलॉपने ती विमानांच्या चाकांसाठी विकसित केली आणि तेथून ती जॅग्वारच्या सी-टाइपवर आली. तबकडी उघड्या वाऱ्यात फिरते. तापून फुगली तरी पॅडच्या दिशेनेच फुगते. मे १९५२ मध्ये स्टर्लिंग मॉस आणि कंपनीचे चाचणी-चालक नॉर्मन डेविस हे ब्रेक घेऊन इटलीतील मिले मिलियात उतरले, पण शर्यत पूर्ण झाली नाही. पुढच्याच महिन्यात रेंस येथे मॉस जिंकले.

खरा निकाल १९५३ च्या ल माँ येथे लागला. सुमारे सहा किलोमीटरच्या मुलसान सरळ रस्त्याच्या टोकाला तीव्र वळण आहे. ड्रमवाल्या फेरारींना तेथे आधीच वेग कमी करावा लागे, जॅग्वार उशिरा ब्रेक लावू शके, आणि हे चोवीस तास चालले. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी सरासरी ताशी १०० मैलांचा टप्पा प्रथमच ओलांडला.

दोन वर्षांनी, ११ जून १९५५ रोजी, त्याच ट्रॅकवर पिटकडे वळणाऱ्या माइक हॉथॉर्नच्या डिस्कवाल्या जॅग्वारने ब्रेक लावला. मागची ऑस्टिन-हीली बाजूला झाली आणि पियर लव्हेग यांची ड्रम ब्रेकची मर्सिडीज तिच्यावर आदळून प्रेक्षकांत गेली. ऐंशीहून अधिक माणसे मेली. कारणे अनेक होती, अरुंद पिट-मार्गही त्यांत आला. तरीही थांबण्याची क्षमता भिन्न असलेल्या गाड्या एकाच रस्त्यावर धावत होत्या, हे विसरून चालणार नाही.

सामान्य ग्राहकाला मात्र ड्रमच मिळत राहिले. १९५४ ची एक्सके १४० तशीच होती. डिस्क आल्या १९५७ च्या एक्सके १५० वर.

म्हणूनच आज जुन्या एक्सके १२० ला डिस्क बसवणाऱ्यांना ‘इतिहासाची मोडतोड’ करणारे म्हणणे मला पटत नाही. ती सुधारणा जॅग्वारच्याच वाटेवरची आहे. अट एकच: मूळ भाग कापू नयेत, केलेला बदल उलटवता यावा. डिस्कला ड्रमसारखी स्वतःहून आवळण्याची मदत मिळत नाही, त्यामुळे पेडलला जोर अधिक लागतो. सर्व्हो आणि मास्टर सिलिंडर त्याप्रमाणे निवडावे लागतात. मागचे ब्रेक प्रमाणाबाहेर जोरदार झाले तर मागची चाके आधी जखडतात आणि गाडी गरकन फिरते. काढलेले ड्रम मात्र तेल लावून, गाडीच्या चासी क्रमांकाची चिठ्ठी बांधून जपून ठेवावेत.