आगर : निसर्गवर्णनापलीकडे

मराठी कथा-कादंबऱ्यांतील कोकण बहुधा माडा-पोफळींच्या छायेत उलगडते. या छायेची नोंद आपली समीक्षा 'निसर्गवर्णन' या सदराखाली करून मोकळी होते. वास्तविक रत्नागिरी परिसरातील घरामागचे आगर ही निसर्गाची देणगी नव्हे. ती माणसाने आखलेली आणि श्रमाने राखलेली रचना आहे.

या रचनेचा क्रम पाणी ठरवते. जांभ्या दगडाच्या या प्रदेशात पाऊस चार महिने कोसळतो आणि मग जमीन झपाट्याने कोरडी पडते. म्हणून विहीर व तिच्यावरचा रहाट हे आगराचे केंद्र. तेथून निघालेला पाट उताराने प्रत्येक आळ्यापर्यंत पोहोचतो. उन्हाची ओढ असलेला माड उंच वाढतो; कोवळेपणी ऊन न सोसणारी पोफळ त्याच्या आडोशाला; तिच्या खोडावर मिरीवेल. न्हाणीच्या सांडपाण्यावर केळी आणि अळू. भोवती चिऱ्यांचा गडगा.

परंतु या आखणीला पाण्याइतकीच काळाची हमी लागते. माड किंवा फणस फळाला येण्यास कित्येक वर्षे जातात. ती जमीन तोवर आपल्याच हाती राहील, हा विश्वास असल्याखेरीज कोण झाड लावील? रत्नागिरी जिल्ह्यात हा विश्वास सर्वांच्या वाट्याला आला नव्हता. खोत हा सरकार आणि कूळ यांच्यामधला वसुलीदार. त्याचे वर्चस्व गावच्या जमिनीवर पसरलेले. वरकस उतारावर नाचणी-वरी पिकवणाऱ्या कुळाचे डोळे येत्या हंगामावर असत, पुढच्या पिढीवर नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष कायदा १९४९ साली झाला.

या पार्श्वभूमीवर श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' (१९८७) या शीर्षकातील दुसरा शब्दही नीट वाचायला हवा. तो आडनावाइतकाच जमिनीवरील हक्काचा शब्द आहे. कोकणच्या साहित्यात आगर भेटले, की त्याच्या सौंदर्याबरोबर काही प्रश्नही विद्यार्थ्यांपुढे ठेवावेत : हा रहाट कोण ओढत होते? झाडे कोणाच्या नावावर होती? आणि गडग्याबाहेर कोण राहत होते?