बिलियर्ड खोली

घरातील बिलियर्डच्या टेबलासाठी राखून ठेवलेली खोली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील धनिकांच्या घरांत तिला मानाचे स्थान मिळाले.

खोलीचे माप टेबल ठरवते. पूर्ण आकाराचे टेबल सुमारे १२ फूट लांब व ६ फूट रुंद असते. क्यू, म्हणजे खेळण्याची काठी, मागे खेचायला चहूबाजूंनी पाचेक फूट सोडले, की २२ × १६ फुटांची खोली लागतेच. १८२६च्या सुमारास लंडनचे टेबलनिर्माते जॉन थर्स्टन यांनी टेबलासाठी लाकडाऐवजी स्लेटच्या लाद्या वापरल्या. पृष्ठभाग सपाट राहू लागला, पण वजन टनापुढे गेले. त्यामुळे खोली शक्यतो तळमजल्यावर, भक्कम जमिनीवर. उजेड वरून हवा, नाहीतर चेंडूंच्या लांब सावल्या नेम चुकवतात. म्हणून छताला काचा, रात्री टेबलावर टांगलेले दिवे. भिंतीलगत क्यूंचा स्टँड, गुणफलक आणि बघ्यांसाठी उंच बाक.

शेजारी बहुधा धूम्रपानाची खोली असे. बायका खेळत नसत असे नाही, तरी हा कोपरा पुरुषांचाच मानला जाई.

उद्योगपती विल्यम आर्मस्ट्राँग यांच्या क्रॅगसाइड या घरात १८९५ मध्ये अशी खोली जोडली गेली. याच टेबलावर खेळल्या जाणाऱ्या स्नूकरचा जन्म मात्र घरात नव्हे, तर १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये झाल्याचे मानतात.