त्यागी धनाग्र

त्यागी धनाग्र म्हणजे नौकेच्या पाण्याखालील धातूच्या भागांचे क्षरणापासून रक्षण करण्यासाठी बसविलेला जस्त, ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम यांचा ठोकळा होय. समुद्राच्या पाण्यात दोन भिन्न धातू परस्परांशी जोडलेले असल्यास त्यांच्यात विद्युतप्रवाह वाहतो व अधिक क्रियाशील धातू झिजतो. हा ठोकळा स्वतः झिजून पंखा, त्याचा दांडा व तळाच्या झडपा यांना वाचवितो.

इतिहास

हंफ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या जहाजांवरील तांब्याच्या पत्र्यांसाठी हा उपाय सुचविला. तांब्याची झीज थांबली. मात्र विषारी तांबे पाण्यात विरघळेनासे झाल्याने पत्र्यांवर शेवाळ व कवचधारी जीव वाढले, जहाजांचा वेग घटला आणि तो उपाय सोडून द्यावा लागला.

देखभाल

खाऱ्या पाण्यात जस्त किंवा ॲल्युमिनियम, तर गोड्या पाण्यात मॅग्नेशियम वापरतात. ठोकळा स्वच्छ, उघड्या धातूवर घट्ट बसवितात आणि साधारण निम्मा झिजताच बदलतात. त्यास रंग दिल्यास तो निरुपयोगी ठरतो. दीर्घकाळ मुळीच न झिजलेला ठोकळा हे सुलक्षण नसून जोडणी तुटल्याची खूण असू शकते. संरक्षणाअभावी पितळेतील जस्त निघून गेल्यास ते गुलाबी व ठिसूळ होते. तळाची अशी झडप तुटल्यास नौका बुडू शकते.