शोषण पद्धतीचे स्वयंचलित तरणतलाव स्वच्छता यंत्र

शोषण पद्धतीचे स्वयंचलित स्वच्छता यंत्र हे पोहण्याच्या तलावाचा तळ व भिंती साफ करणारे उपकरण आहे. त्याला स्वतःची मोटर नसते. तलावाचे पाणी गाळण्यासाठी बसवलेल्या पंपाच्या शोषणावरच ते चालते. त्यामुळे यंत्राचा मानला जाणारा दोष पुष्कळदा पंप, फिल्टर किंवा नळी यांचा निघतो. या प्रकारातील 'क्रीपी क्रॉली' हे प्रसिद्ध यंत्र १९७४ साली दक्षिण आफ्रिकेत फर्डिनांड शोव्हिए या अभियंत्याने तयार केले.

कार्यपद्धती

यंत्राची लवचीक नळी स्किमरला किंवा भिंतीतील स्वतंत्र शोषणमुखाला जोडतात. यंत्रात हेलकावणारी झडप किंवा रबरी पडदा असतो. तो प्रवाह क्षणोक्षणी अडवतो व सोडतो, आणि त्या हिसक्यांनी यंत्र पुढे सरकते. नियमित 'टक-टक' आवाज हे ते नीट चालल्याचे लक्षण होय.

सामान्य बिघाड

यंत्र मंदावल्यास किंवा थांबल्यास प्रथम पंप बंद करून पंपाची व स्किमरची टोपली रिकामी करावी. फिल्टरवरील दाबमापक नेहमीपेक्षा जास्त दाब दाखवत असेल, तर फिल्टर धुणे आवश्यक असते. तळातील मुख्य निचऱ्याची झडप उघडी राहिल्यासही शोषण विभागले जाते. एवढे करूनही फरक न पडल्यास यंत्र उघडून घशात अडकलेली काडी, खडा किंवा पान काढावे. रबरी पडदा चिरला असल्यास तो बदलण्याखेरीज उपाय नसतो.

तलावात परतणाऱ्या पाण्याबरोबर सतत बुडबुडे येत असतील, तर शोषणाच्या बाजूने हवा आत शिरत आहे असे समजावे. पाण्याची पातळी स्किमरच्या तोंडाच्या निम्म्याखाली गेलेली असणे, पंपाच्या झाकणाचे रबरी कडे सुकणे किंवा नळीचा सांधा सैल होणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. याकडे दुर्लक्ष करू नये. पाण्यावाचून चालणारा पंप तापून त्याचे सील खराब होते.

शोषण अजमावण्यासाठी नळीच्या तोंडावर तळहात ठेवण्याची सवय अनेकांना असते. ती धोकादायक आहे. उघड्या शोषणमुखात केस किंवा हात-पाय अडकून माणूस पाण्याखाली धरला जाऊ शकतो. म्हणून यंत्र काढल्यावर शोषणमुखावर झाकण बसवावे, आणि यंत्र चालू असताना मुलांना तलावात उतरू देऊ नये.

यंत्र पाण्याच्या वर चढून हवा ओढत असल्यास शोषण प्रमाणाबाहेर असते; ते नियंत्रक झडपेने कमी करता येते. यंत्र तळावरून उचलले जात असल्यास नळीवरील वजनाची जागा तपासावी.

यंत्र एकाच कोपऱ्यात फिरत राहणे ही तक्रार बहुधा नळीमुळे उद्भवते. नळी तलावाच्या सर्वांत दूरच्या टोकापर्यंत पोहोचून थोडी उरावी, मात्र फार लांब नसावी. परतीच्या पाण्याचा झोत नळीला एका बाजूस ढकलत असल्यास त्याची तोटी खाली वळवतात. गुंडाळून ठेवलेल्या नळीत वळण कायम राहते व यंत्र गोल गोल फिरू लागते. अशी नळी उन्हात सरळ पसरून ठेवल्यास वळण बरेच कमी होते.