कवडीचुंबकाचे रुग्णालय

6 जानेवारी 1725. लंडनच्या सदर्क भागातल्या नव्याकोऱ्या गाइज हॉस्पिटलात पहिले साठ रुग्ण दाखल झाले. ज्याच्या पैशाने ही वास्तू उभी राहिली, तो थॉमस गाय मात्र दहाच दिवसांपूर्वी वारला होता.

थॉमस याच भागातला, कोळसेवाल्याचा मुलगा. 1668 मध्ये त्याने पुस्तकांचे दुकान थाटले आणि बायबलच्या धंद्यात जम बसवला. पण खरी माया जमली ती खलाशांच्या चिठ्ठ्यांवर. तिजोरीत खडखडाट असला की नौदल पगाराऐवजी चिठ्ठ्या हाती देई. नडलेले खलाशी त्या बट्ट्याने विकत आणि थॉमस त्या घेई. 1711 मध्ये सरकारने हे देणे साउथ सी या व्यापारी कंपनीच्या शेअरमध्ये बदलून दिले. 1720 मध्ये भाव आकाशाला भिडले तेव्हा त्याने हळूहळू सगळे शेअर विकून सुमारे 2,34,000 पौंड गाठीला बांधले. पुढे भाव कोसळले आणि त्याच बुडबुड्यात न्यूटनसारख्या बुद्धिमंताचे हात पोळले!

आजोळच्या टॅमवर्थचा तो 1695 पासून खासदार होता. गावाला त्याने टाउन हॉल दिला, निराधारांसाठी घरे बांधली. पुढे मतदारांनी पाडले, तेव्हा त्या घरांचे दार त्याने खुद्द टॅमवर्थकरांनाच बंद केले. दान घसघशीत, रुसवाही तसाच.

शेजारच्या सेंट थॉमस हॉस्पिटलच्या कारभारी मंडळावर तो होता. ‘आता बरे होणार नाहीत’ म्हणून तिथून घरी धाडलेल्यांना कोण विचारणार? नवे रुग्णालय मुळात त्यांच्यासाठी. लग्न न केलेल्या या चिक्कू माणसाने मृत्युपत्रात त्यासाठी सुमारे 2,20,000 पौंड ठेवले.

एकोणिसाव्या शतकात रिचर्ड ब्राइट, थॉमस ॲडिसन आणि थॉमस हॉजकिन हे तिघेही इथलेच. त्यांच्या नावांचे आजार डॉक्टर आजही शिकतात. कवी जॉन कीट्सही 1815 मध्ये इथे शिकायला आला होता. 1948 मध्ये रुग्णालय राष्ट्रीय आरोग्य सेवेत गेले, 1974 मध्ये उंच मनोरा उभा राहिला, 1993 मध्ये सेंट थॉमसशी एकच ट्रस्ट झाला.

एक हिशेब मात्र उरला होता. साउथ सी कंपनीकडे स्पॅनिश वसाहतींना आफ्रिकी गुलाम पुरवण्याचा मक्ता होता. 2020 मध्ये आवारातला थॉमसचा पुतळा लोकांच्या नजरेआड करण्याचे जाहीर झाले. पुढे तो ठेवायचा, पण हा इतिहास सांगूनच, असे ठरले. रुग्णालयाचे नाव बदललेले नाही.